आजाराआधीचं औषध

चिकनच्या दुकानात किस्से पिसांसारखे साठतात. कितीही झाडा, घरी जाऊन शर्ट काढला की एखादं चिकटलेलं असतंच. कामोठ्यातलं दुकान माझ्या दादाचं. गेल्या महिन्यात दादा गेला. आता सगळी पिसं माझ्या शर्टाला!

*

समोरच्या टॉवरमधल्या एक मॅडम मोबाइलवर काहीतरी वाचून यायच्या आणि दादाची परीक्षा घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊ, या कोंबडीला अँटिबायोटिक दिलंय का?"

दादाने पिंजऱ्यातून कोंबडी काढली, तिच्या चोचीला कान लावला. "सांगत नाय मॅडम. पेशंटचं प्रायव्हेट हाय म्हनते!"

मॅडम हसत हसत दीड किलो घेऊन गेल्या. त्या वळल्यावर दादा मला म्हणाला, "आयला, शेठला विचारलं पायजे पन."

*

शेठ म्हणजे आमचा फार्मवाला. पनवेलच्या पुढे त्याच्या शेड आहेत. रोज सकाळी त्याचा टेम्पो आमच्याकडे पिंजरे उतरवतो. दादाने त्याला धरलंच.

"शेठ, पक्ष्यांना औषध देता?"

"देतो की."

"आजारी असतात?"

"छ्या! माझा पक्षी आजारीच पडत नाही."

"मग औषध कशाला?"

"आजारी पडायच्या आधीच देतो ना!"

दादा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे ऐकवत होता. माल मात्र घेतच राहिला. एवढ्या रेटने दुसरं कोण देणार?

*

मग दादाच्या बोटाला सुरी लागली. आमच्या धंद्यात हे चालायचंच. क्लिनिकमधल्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि दम दिला, "हातमोजे घातल्याशिवाय कच्च्या चिकनला हात लावायचा नाही!"

दादाने हातमोजे आणले. मग काय! त्याच हातमोज्यांनी चिकन कापायचं, सुट्टे पैसे द्यायचे, फोन उचलायचा, चहा प्यायचा, नाक खाजवायचं. वहिनी ओरडली, "अहो, काढा ते आता!"

"डॉक्टरनी घालाय सांगितलंय," दादा म्हणाला. "काढाय कुठं सांगितलं?"

*

बोट सुजलं, मग हात सुजला. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ताप हटेना. मी सातवी नापास, म्हणून डॉक्टरबाईंनी सोपं करून सांगितलं, "जंतूंना औषधांची सवय झालीय. त्यांना आता काही होत नाही."

"आमच्या कोंबड्यांमुळं?"

"असू शकतं. नक्की सांगता येणार नाही."

मला कुणाला तरी धरून हाणावंसं वाटत होतं. कुणाला, ते कळत नव्हतं. दादा पडल्या पडल्या म्हणाला, "बाई, जंतू आगरी हायत. आमच्या गावचे. कोनाचं आयकनार नाय!"

बाई हसल्या आणि एकदम पाठमोऱ्या झाल्या. दादाने हसवलेलं ते शेवटचं माणूस.

*

तेराव्याला आमच्यात तिखटाचं जेवण असतं. शेठने स्वतःहून कोंबड्या पाठवल्या. "भावासारखा होता माझा." आला तेव्हा दारातच खांद्यावर हात ठेवून कानात म्हणाला, "उद्यापासून टेम्पो पाठवतो. दुकान बंद ठेवून घर कसं चालणार?"

खोटं नव्हतं. आई, वहिनी, दोन पोरं, सगळी त्या दुकानावर. मी त्याला आत घेतलं.

पंगत बसली. मी रश्श्याची बादली घेऊन शेठपुढे आलो. त्याने पानावर आडवा हात धरला.

"मला नको. वरणभात पुरे."

"का शेठ, उपास?"

"नाही रे. आमच्या घरात ब्रॉयलर खात नाहीत. फक्त गावठी."

सगळ्यांचे घास थांबले.

"घ्या शेठ," मी म्हणालो. "आजारी पडायच्या आधीच औषध आहे यात!"

कुणी हसलं नाही. दादा गेल्यापासून आई भिंतीला टेकून होती, कुणाशी अक्षर बोलली नव्हती. ती उठली, पंगतीत आली आणि शेठचा हात पानावरून अलगद बाजूला केला.

"वाढ बाला," ती म्हणाली. "लेगपीस वाढ. पाव्हना हाय."