विशाल हृदय

खेळाने माणसाचे हृदय विशाल होते. क्रीडा समारंभांत हे वाक्य मी इतक्या प्रमुख पाहुण्यांच्या तोंडून ऐकले आहे, की ते आले म्हणजे चहा जवळ आला, एवढाच अर्थ मी त्यातून घेत असे. यंदा ते माझ्या मुलीच्या तपासणीच्या कागदावर आले. मिलिमीटरमध्ये.

मुलगी पाच हजार मीटर धावते. विद्यापीठाच्या निवड चाचणीसाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता, म्हणून अमरावतीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. नाडी मिनिटाला चव्वेचाळीस. यंत्राने कुणाला न विचारता ‘असामान्य’ असे छापले. मग सोनोग्राफी झाली; हृदयाचा डावा कप्पा मोठा निघाला.

“खेळाडूंचा असतो असा,” डॉक्टर म्हणाले. “पण एका आजारातही असाच दिसतो. अकोल्याच्या हृदयतज्ज्ञांना दाखवा. तोवर धावणं बंद.”

अकोल्याची वेळ दहा दिवसांनी मिळाली. चाचणी त्यानंतर चौथ्या दिवशी होती.

बायकोने बूट माळ्यावर टाकले आणि मुलीला पलंगावर. सकाळ-संध्याकाळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती तिची नाडी मोजू लागली. दोन ठोक्यांच्या मधली जागा इतकी लांब असे, की मी वर्तमानपत्राचे पान उलटता उलटता थांबत असे.

“आई, मेलेल्या माणसाची मोजल्यासारखी नको ना मोजू,” मुलगी म्हणाली. बायकोचे आकडे चुकले. तिने पुन्हा सुरुवात केली.

दर्यापूरहून माझे थोरले भाऊ, म्हणजे मुलीचे मोठे बाबा, भेटायला आले.

“काहून पयते वो माय तू इतकी? एस्ट्या बंद झाल्या काय?” मग माझ्याकडे वळून, “दिल मोठं हाय म्हन्ते तं चांगलंच हाय नं बे. आपल्या खानदानात आजलोक कोनाचंच नोतं.”

मुलगी हसली. भाऊ मला अंगणात घेऊन गेले आणि आवाज उतरवून म्हणाले, “पन हे दर्यापुरात बोलू नोको. उद्या पोरीच्या सोयरिकीत आडवं येइन.”

आठव्या दिवशी नाडी पन्नास भरली. नवव्या दिवशी बावन्न. बायकोने देवापुढे साखर ठेवली. “आरामाचा गुण आला,” ती म्हणाली, आणि मीही मान डोलावली. इतकी पुस्तके वाचून मला एवढेच सुचले.

दहाव्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरून मी आणि मुलगी अकोल्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि विचारले, “घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?”

माझे धाकटे काका तिशीत गेले होते. आमच्या घरात त्यांच्याबद्दल ‘अचानक गेले’ या दोन शब्दांपलीकडे कधी कोणी बोलले नव्हते. मी मुलीकडे न बघता बाहेर आलो आणि भावाला फोन लावला.

“भाऊ, काका कशानं गेले होते?”



“आता काहून पाह्यजे तुले ते?”

“डॉक्टर विचारतात. पोरीच्या हृदयाचं आहे.”

“इहिरीत पडला,” भाऊ म्हणाले. “पेलेला होता. आपल्या आबानं कोनाले सांगू देल्लं नाही.”

मी आत जाऊन हे जसेच्या तसे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिले आणि मुलीला छातीला वायरी लावून ट्रेडमिलच्या पट्टीवर चढवले. पट्टीचा वेग वाढत गेला, तशी नाडीही. एकशे वीस. एकशे साठ. आकडा एकशे नव्वदच्या जवळ आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो.

“तुम्ही बाहेर बसता का?” बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. मी बसलो. तिथेच.

पट्टी थांबली. पुन्हा सोनोग्राफी.

“छान हृदय आहे,” बाई शेवटी म्हणाल्या. “कप्पा मोठा आहे, पण भिंती जाड नाहीत, आणि पंप जोरात चालतो. एका ठोक्यात जास्त रक्त जातं, म्हणून ठोके कमी लागतात. वर्षानुवर्षं धावल्याने हे होतं. हा आजार नाही, कमाई आहे. धावू दे तिला.”

मी आनंदाने सांगून टाकले, “आरामानेसुद्धा फरक पडला, मॅडम. चव्वेचाळीसची बावन्न झाली.”

मुलीने डोळे मिटून घेतले. तिला हे आधीच कळले असावे.

“तो गुण नाही हो,” बाई म्हणाल्या. “सराव सुटला की रक्तातलं पाणी कमी होतं आणि नाडी वाढते. दहा दिवसांत तिने जे गमावलं, ते तुम्ही मोजत बसला होता.”

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाली, “बाबा, माळ्यावरून बूट तुम्हीच काढायचे.” मी घरी जाताच काढले.

चौथ्या दिवशी चाचणीच्या मैदानावर प्रमुख पाहुणे आले. खेळाने माणसाचे हृदय विशाल होते, असे त्यांनी सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वाक्याला टाळ्या वाजवल्या.

मुलगी तिसरी आली. निवड पहिल्या दोघींचीच होती.