तिसरा चमचा

रंगनाथआण्णा रोज सकाळी दुधाच्या पहिल्या कॅनमध्ये बोट बुडवत आणि थेंब अंगठ्याच्या नखावर ठेवत. थेंब टिकला तर मान हलवत. ओघळला तर कॅन आणणाऱ्याकडे नुसतं बघत. फॅटचं मशीन शेजारीच असे, तेही नंतर तेच सांगे. तिसगावच्या डेअरीवर बावीस वर्षं हे चाललं होतं. पातळ दूध म्हणजे त्यांच्या लेखी कुणीतरी कुणाला तरी फसवलेलं.

त्यांची लेक रेश्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. महिन्याभरात रेश्माला ताप चढला, तो उतरेना. तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. जावई तिच्याजवळ राहिला. औषधं जहाल, तोवर बाळाला अंगावर पाजायचं नाही असं ठरलं. बाळ आण्णा आणि त्यांच्या बायको मालनबाई यांच्याकडे राहिलं. सोबत दुधाच्या पावडरचा डबा आणि दवाखान्यातली एक चिठ्ठी: वजन तीन किलो दोनशे, साठ मिली उकळलेलं पाणी, त्यात दोन सपाट चमचे, दिवसातून आठ वेळा.

पहिली बाटली आण्णांनीच केली. हलवली, उजेडाकडे धरली, मग सवयीने थेंब नखावर घेतला. थेंब मनगटापर्यंत पळाला.

"ह्याला दूध म्हनायचं? लॅक्टोमीटर बुडवला तर ह्याला डिग्रीच लागायची न्हाई."

"चिठ्ठीत दोनच लिवलंय," मालनबाई म्हणाल्या.

"चिठ्ठी लिवनाऱ्यानं कवा कॅन बघितलाय?"

तिसरा चमचा पडला. बाळ प्यायलं आणि तासाभरात ओठ चाटत रडू लागलं. भूक भागली नाही असं धरून आण्णांनी पुढच्या बाटलीतला तिसरा चमचा शिगोशीग भरला. दोन दिवस असेच गेले. डेअरीवर उभे असताना ते सारखा मोबाईल बघत. एकाचं दूध न तपासताच ओतून घेतलं, जे कधी झालं नव्हतं. संध्याकाळी रेश्माचा फोन येई. "आण्णा, पोट भरतंय ना तिचं?" "घट्ट दूध देतोय," ते सांगत, आणि फोन ठेवल्यावर अंगणात येरझाऱ्या घालत. पाळण्यातला आवाज बारीक होत चालला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई लंगोट वाळत घालायच्या दोरीपाशी थबकल्या. "कालपासनं तीनच लंगोट धुतले मी. आन् शी बघितली का? खड्यावानी."

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाचं तोंड उघडून पाहिलं, डोक्यावरच्या टाळूवर हात फिरवला आणि विचारलं, "चमचे किती?"

आण्णांनी खरं सांगितलं.

"तुम्ही दूध घट्ट केलंत, तिला पाणी पुरलं नाही. भुकेनं नाही, तहानेनं रडतेय ती."

त्यांनी समोरच चिठ्ठीप्रमाणे बाटली करायला लावली, तासभर बसवून घेतलं आणि बजावलं: उद्या सकाळपर्यंत सहा लंगोट ओले व्हायलाच हवेत. पेंगायला लागली किंवा प्यायची थांबली, तर तडक नगर.

वाटेत मालनबाईंनी बाळाला पदराखाली घेतलं. घराशी आल्यावर म्हणाल्या, "गावाच्या दुधातलं पानी धरता, आन् घरच्या पोरीला तहानलेलं ठिवलं."

आण्णा त्या दिवशी डेअरीवर गेलेच नाहीत. सुरीच्या पाठीने चमचा सपाट करत, बाटलीवरची रेघ डोळ्यासमोर धरत, खाली ठेवून पुन्हा उचलत. दूध झालं की मात्र त्याच्याकडे बघणं टाळत; ते पांढरं पाणी त्यांना अजून लबाडीच वाटे. दर पंधरा मिनिटांनी जाऊन लंगोट चाचपत.

"झोपू द्या की वो तिला," मालनबाई ओरडल्या. "सारखा हात लावून काय व्हनार हाय?"

दिवस मावळताना फोन वाजला.

"आण्णा, पोट भरलं का तिचं?"

ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"रेश्मा, मी चमचा जास्त घालत हुतो. चुकलो."

"आता?"

"आता दोनच. सपाट. पाच लंगोट वले झाले. तू जेवून घे, आमी सहाव्याची वाट बघतोय."