मेंढराच्या पाठीला पुसलेला चाकू

साल त्रेचाळीस. लढाईमुळे जर्मन माल यायचा बंद झाला, तसा माझ्या कपाटातल्या अकरा जर्मन चाकूंचा मला भलताच अभिमान वाटू लागला. सांगलीत चाकूचा खरा पारखी मीच, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

जतच्या बाजारात एक धनगर मेंढरांचे खूर तासत बसला होता. हातात अस्सल जर्मन चाकू! शिंगाची मूठ, पोलादाला निळसर झाक. पण दर खुरानंतर तो पातं मेंढराच्या पाठीवरच पुसायचा. मला ते बघवेना.

"पातं झिजलंय," मी पारख्याच्या सुरात म्हणालो. "माझ्याकडं असे अकरा आहेत. तीन रुपये देईन."

त्यानं मान वर केली नाही. "आणा बघू तुमचा."

मी रेशमी रुमालातून माझा सर्वांत महागडा, घडीचा चाकू काढला. "एकदाही वापरलेला नाही," असंही सांगितलं. त्यानं पात्याला नख लावून ओढलं. पातं हलेना. आत गंज चढला होता.

"लोकरीत तेल असतंय," म्हणत तो सांध्यावर लोकर चोळत बसला. बऱ्याच वेळानं पातं कुरकुरत उघडलं.

"चाकू लय चांगला हाय," तो म्हणाला, "पर उपाशी ठेवलाय तुमी."

आपला चाकू त्यानं विकला नाही. मूठभर लोकर मात्र फुकट दिली.

आता कपाट उघडलं की घरभर मेंढरांचा वास सुटतो. पाहुणे नाक दाबून विचारतात, "हा कसला वास?"

मी पारख्याच्याच सुरात सांगतो, "अस्सल जर्मन."