शाळूची पन्नास कणसं

शाळू ज्वारीच्या वाळल्या कणसांचा वास आला, की मला सत्तरच्या दशकातली सोलापुरातल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. "शेतातली पन्नास कणसं आणा, लांबी मोजा आणि सरासरीपासून ती किती मागेपुढे होतात ते काढा," असं सरांनी सांगितलं होतं. त्या मागेपुढे होण्याला पुस्तकात प्रमाण विचलन म्हणत. मी वडिलांना सांगितलं, तर त्यांनी बियाण्यासाठी निवडावं तसं एकेक कणीस हातात तोलून निवडलं आणि धुतल्या धोतरात बांधून दिलं. विचलन इतकं थोडं आलं, की सरांनी वर्गासमोर विचारलं, "आकडे घरी बसून लिहिलेस?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही सर, वडिलांनी निवडून दिली कणसं." सर म्हणाले, "आता ओळीनं चालत जा आणि दर दहावं कणीस घे, कसलंही असो." वडिलांना ते मुळीच पटलं नाही. "असली खुरटी कणसं कालिजात नेतीस व्हय? शेताची अब्रू जाईल की!" तरी त्यांनीच कापून दिली, आणि या वेळी विचलन कितीतरी मोठं आलं. आता सर वहीतलं पहिल्या मोजणीचं पान फाडायला लावणार, असं मला वाटलं. त्यांनी मात्र त्यावर सही केली आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'हे शेताचं माप नव्हे, तुझ्या वडिलांच्या नजरेचं आहे.' वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची नजर मात्र त्या वहीत अजून आहे, दोन दशांश स्थळांपर्यंत.