‘वय झालं’ असं कधीच न म्हणणाऱ्या शालिनीताई

डॉ. शालिनीताई ओवळेकर यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. नवीन पनवेलच्या त्यांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपीच्या प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली. ती न उघडताच त्यांनी माझा हात धरला, बोटांचे सांधे हलके दाबले आणि विचारलं, “सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?”

“तासभर. पण मॅडम, मी नोकरीसाठी आलेय.”

“नोकरी दिली. आता रक्त तपासून ये.”

मी चिडले. तिशीच्या आत कसला संधिवात? रिपोर्ट आला तो आमवाताचा. ताईंनी कागदावर सांधा काढून समजावलं. म्हातारपणी गुडघा झिजतो तेव्हा हाडांवरची मऊ गादी, म्हणजे कूर्चा, घासली जाते. हे दुखणं वेगळं. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर चाल करून जाते. म्हणून सूज, म्हणून सकाळचा ताठरपणा, आणि उपचारांना उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होण्याची भीती.

तरीही चार महिन्यांनी, बरं वाटतंय म्हणून, मी गुपचूप गोळ्या सोडल्या. मग बेलपाड्याच्या कमळाबाईंना गुडघ्याचा व्यायाम देताना त्यांचा पाय माझ्या हातून निसटला. त्या उठून बसल्या. “पोरी, माजा पाय ऱ्हाऊ दे. तुजाच हात बरा नाय.”

ताईंनी ते ऐकलं. मी बोलणी खायला तयार होते, त्यांनी एवढंच विचारलं, “भीती कशाची वाटते?” लग्नाची, मुलांची, जन्मभराच्या गोळ्यांची, असं मी रडत सांगितलं. त्या संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. आई कुजबुजली, “कुणाला कळलं तर हिचं लग्न कसं व्हायचं?”

“बोटं शाबूत राहिली तर अंगठी घालता येईल ना, वहिनी? मूल हवं असेल तेव्हा आधी औषधं बदलू. लपवून बंद मात्र करायची नाहीत.”

आज माझी मुलगी सहा वर्षांची आहे.

ताईंच्या दारात आलेल्या कुणालाही त्यांनी ‘वय झालं, सोसा आता’ असं सांगून परत पाठवलेलं मला आठवत नाही. म्हणूनच गेलं वर्षभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचेच गुडघे झिजले होते. टेबलाचा आधार घेऊन त्या रुग्ण तपासत, आणि शस्त्रक्रियेचा विषय काढला की म्हणत, “माझे पेशंट कोण बघणार?”

एकदा माझा तोल गेला. “हे उत्तर तुम्ही कुठल्या पेशंटकडून ऐकून घेतलं असतं?”

ताई उठून आत गेल्या. तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आपण मर्यादा ओलांडली, या विचाराने मला जेवण गोड लागेना. चौथ्या दिवशी त्यांनी आपला एक्स-रे माझ्यापुढे ठेवला. “तारीख ठरव. व्यायाम तूच घ्यायचेस. आणि मी कुरकुर केली तर ऐकायचं नाही.”

हा गौरवग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तोवर शस्त्रक्रिया होऊन गेलेली असेल. आज मात्र ती व्हायची आहे, आणि मी दोन ओळी लिहिते, उठते, पुन्हा बसते.

ताई, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आपणांस उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. आपण आमचं दुखणं आमच्याआधी ओळखलंत. यापुढे आपलं दुखणंही वेळेवर आम्हाला सांगत जा, एवढा हट्ट पुरवा.