धूरकाकूंचा रेंगाळलेला हात

धूरकाकूंचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. त्यांच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून लाकूड भाजल्याचा वास येई, म्हणून त्या धूरकाकू. नवी बिऱ्हाडकरू मंडळी पहिल्या आठवड्यात एकदा तरी बादली घेऊन धावत यायची.

काकू डागणीच्या तापल्या लोखंडी टोकाने लाकडावर चित्रं काढत. तरुणपणी त्या एका तसबिरींच्या कारखान्यात चौकटी पुसायला लागल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या चिनी कारागिराने ही आपल्या मुलखातली जुनी कला त्यांच्या हातात दिली. शाई नाही, रंग नाही. फिक्या बदामीपासून कुळकुळीत काळ्यापर्यंत सगळ्या छटा हाताच्या वेगातून काढायच्या. हात भरभर गेला की रेघ उजळ, रेंगाळला की काळी. म्हाताऱ्याने आधी पानंच पानं काढून घेतली, मग पिसं, मग केस. चेहरा काढू दिला तेव्हा काकूंच्या पोटात लेक होती.

लेक त्याच धुरात वाढली, टेबलाखाली फळकुटांची घरं बांधत. पण डागणी तिच्या हातात काकूंनी कधी दिली नाही. भाजेल, म्हणून. पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि लांब नोकरीला गेली. फोन रोज यायचा. "जेवलीस का?" या प्रश्नाला "हो गं" एवढंच उत्तर. त्या "हो गं"चा सूर घोळवत काकू स्वयंपाकघरात उभ्या राहत. खरंच जेवली, की म्हणायचं म्हणून म्हणाली?

एक दिवस लेकीने सांगितलं, "आई, मी घरी येतेय. कामासाठी. तुझा हात हवाय."

तिचं काम असं होतं : कॉम्प्युटरला फोटो द्यायचा, आणि त्याने त्याचं चिनी पद्धतीचं डागलेलं चित्र करून दाखवायचं. केस कुठे वळतात, गालावर उजेड कुठे पडतो हे त्याने ओळखायचं आणि माणसाने डागल्यासारखी रेघन्‌रेघ पडद्यावर उमटवायची. त्यासाठी त्याला खऱ्या हाताचे नमुने दाखवावे लागत. गाल कसा, केस कसे, कापडाची चुणी कशी.

लेकीने टेबलावर कॅमेरा टांगला. "झालं की लगेच निघेन हं. साहेब वाट बघतायत."

झालं की निघेन. काकूंनी डागणी उचलली आणि हात आपसूक रेंगाळला. दुसऱ्या दिवशी मात्र तो आपसूक नव्हता. नमुन्याची एक पट्टी संपायला संध्याकाळ होऊ लागली. मध्येच उठून त्या लेकीच्या केसांना तेल लावत, मध्येच नुसतं तिच्याकडे बघत बसत.

"आई, हे जरा काळपट येतंय का गं?"

"लाकूड जुनं आहे," काकूंनी वेळ मारून नेली.

नमुने पुरे झाल्यावर लेकीने बाबांचा, म्हणजे काकांचा फोटो घातला. पडद्यावर जो गृहस्थ उमटला तो भट्टीतून नुकताच बाहेर काढल्यासारखा होता. गाल काळे, कपाळ काळं, मिशी तर दिसेचना.

"अगं, मी अजून जिवंत आहे," काका म्हणाले. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नाही, माझ्या डोळ्यांचा दोष नाही."

काकूही हसल्या. लेक हसली नाही. तिने सुट्टी वाढवून घेतली आणि आपल्या हिशेबातली चूक शोधायला बसली. काकूंना आधी आनंदच झाला. मग दिसू लागलं, की पोरगी ताटावर नुसती बोटं फिरवते. नखं कुरतडते. फोनवर साहेबांना "होईल, सर" म्हणताना तिचा आवाज बारीक होतो. ज्या काळजीने काकू इतकी वर्षं फोनला कान लावून बसल्या, ती आता समोरच्या खुर्चीवर येऊन बसली होती, आणि तिला आणणाऱ्या त्याच होत्या.

"मी सांगते त्यांना, दुसऱ्या कुणाला द्या हे काम," एका दुपारी लेक म्हणाली. "मला येतं असं वाटलं होतं, पण मला काहीच येत नाही, आई."

काकूंनी हातातलं फडकं टाकलं. "कॅमेरा लाव."

"आता कशाला?"

"लाव म्हणते ना."

डागणी तापली. काकूंचा हात लाकडावरून असा सरसर गेला, की धूर उठेपर्यंत रेघ संपलेली असे. गाल उमटला, मधासारखा उजळ. लेक उठून उभी राहिली.

"हा हात वेगळा आहे."

"हाच माझा हात."

"मग आधीचा?"

काकू लाकडाकडे बघत म्हणाल्या, "तो तू लवकर जाऊ नयेस म्हणून होता."

लेक एकदम उसळली. "मी रोज स्वतःला शिव्या घालत होते! राहा म्हणायचंस ना सरळ!"

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

लेकीने नवी फळी उचलून कॅमेऱ्याखाली ठेवली.

सगळे नमुने नव्याने घ्यायला फार वेळ लागला नाही. या वेळी काका पडद्यावर मिशीसकट उमटले आणि स्वतःवर खूश होऊन दुकानात गेले. लेकीने दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं, कॅमेरा उतरवून पेटीत ठेवला, आणि खुर्ची ओढून आईसमोर येऊन बसली.

"आता मला काढ. फोटोवरून नको, अशीच."

"हलायचं नाही मग."

"नाही हलत. पण सावकाश काढ."

काकूंनी फळी पुढे ओढली. लेकीच्या गालाकडे पाहिलं. तो उजळ होता, आणि सावकाश काढला असता तर तो काळा झाला असता. त्यांनी श्वास रोखला आणि हात भरभर चालवला.