बारा सेकंदांचा ठोका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. पहूरला राहणाऱ्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता आत ठेवणं जमत नाही म्हणून. सकाळी मेहरूण तलावाभोवती फेऱ्या मारताना मी एकटाच मोठ्यांदा बोलायला लागलोय. परवा समोरून येणारे एक आजोबा दचकून बाजूला झाले.

मी जळगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. संशोधनाचा विषय कृष्णविवरं. लोकांना वाटतं, मी दुर्बिणीला डोळा लावून बसत असेन. तसं काही नसतं. कृष्णविवर स्वतः दिसत नाही. पण त्याच्या शेजारी एखादा तारा असला, तर त्या ताऱ्यातला वायू तिकडे ओढला जातो, गरगर फिरत भयंकर तापतो आणि आत पडण्याआधी क्ष-किरण फेकतो. ते किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून वर उपग्रह ठेवतात. तो मोजतो, आकडे खाली येतात, आणि काही काळाने ते आकडे कुणालाही घेता येतात. माझी वेधशाळा म्हणजे एक लॅपटॉप, आणि मे महिन्यात शेजारी एक कूलर.

त्या आकड्यांत मला एक ठोका सापडला. एका कृष्णविवराकडून येणारे क्ष-किरण दर बारा सेकंदांनी किंचित मंदावत होते, पुन्हा वर येत होते. असं तिथे कुणालाच दिसलं नव्हतं. मी लेख लिहिला, परदेशातल्या नियतकालिकाने तो छापला. मग जामनेरला, आमच्या तालुक्याच्या गावी, सत्कार झाला. एक जिनिंगवाले शेठ शाल घालून म्हणाले, "आपल्या तालुक्यातल्या माणसाने कृष्णविवराची नाडी धरली!" टाळ्या पडल्या. नाना पहिल्या रांगेत बसले होते. आयुष्यभर प्राथमिक शिक्षक, कधी कौतुकाचा शब्द न काढणारे. त्या दिवशी ते शेजारच्याला माझं वय सांगत होते.

मला ते आवडलं. फार आवडलं.

पुढच्या उन्हाळ्यात एम.एस्सी.च्या वर्गासाठी सोपं उदाहरण हवं होतं, म्हणून मी तीच फाइल उघडली. उपग्रहाची मोजणी सलग नसते. मधे मधे ती क्षणभर बंद पडते, आणि ते रिकामे क्षण गणितातून वगळायचे असतात. कुठले वगळायचे, त्याची यादी सोबत येते. मी लेखाच्या वेळी दुसऱ्याच एका निरीक्षणाची यादी लावली होती. आता बरोबर यादी लावली.

ठोका गेला.

म्हणजे दर बारा सेकंदांनी मोजणी थांबत होती, आणि ते थांबणं मी कृष्णविवराच्या नावावर खपवलं होतं. नकळत — तोवर नकळत. उपाय काय होता? एक पत्र. चूक झाली, लेख मागे घेतो, बस. लोक घेतात, त्यांचा मान जात नाही. मी लॅपटॉप मिटला आणि उसाचा रस प्यायला गेलो.

पण एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. वंदनाबद्दल सांगायचंय. टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

वंदना साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. आश्रमशाळेत शिकली, मग धुळ्याला वसतिगृहात राहून एम.एस्सी. झाली. माझ्या सत्काराची बातमी तिने वसतिगृहात वाचली होती. त्या उन्हाळ्यानंतर ती माझ्याकडे कात्रण घेऊनच आली. "तुमचाच विषय पुढे न्यायचाय सर," म्हणाली. तोच ठोका नंतरच्या निरीक्षणांत शोधायचा, पीएच.डी.साठी.

मी तिला दुसरा विषय देऊ शकलो असतो. न्यूट्रॉन तारे होते, कितीतरी काम पडून होतं. का नाही दिला? टाळलं तर कुणी कारण विचारेल, ही भीती होतीच. पण त्या भीतीखाली अजून एक गोष्ट होती. मला वाटलं, हिला काही सापडणार नाही. आश्रमशाळेतली मुलगी — हे लिहिताना हात अडतोय, पण मनात आलं ते हेच होतं. हिच्याकडून मला धोका नाही, असं.

आणि मी तिला नसलेली गोष्ट शोधायला बसवलं.

तीन वर्षं तिने शोधली. दर महिन्याला कागद घेऊन यायची. "दिसत नाही सर. माझंच काही चुकत असेल." मी म्हणायचो, पुन्हा बघ. ती पुन्हा बघायची. सणाला घरी जाणं तिने कमी केलं. डोळे खोल गेले होते. मी तिला चहा पाजायचो, धीर द्यायचो. धीर! मनात म्हणायचो, उद्या पत्र लिहितो. लिहायलाही घ्यायचो. 'महोदय'च्या पुढे कधी गेलोच नाही. जितके दिवस जात होते तितकं ते पत्र अवघड होत होतं, कारण आता त्यात तिची वर्षंही आली असती.

चौथ्या वर्षी, दुपारची वेळ, ती माझ्या खोलीत आली. दोन सहकारी बसले होते. तिने दोन आलेख टेबलावर ठेवले.

"सर, रागावू नका. तुमच्या लेखातली फाइल मी पहिल्यापासून करून बघितली. यादी बदलली की ठोका राहतच नाही."

तिने ते शोधून काढलं होतं. जे मला वर्षभर दिसलं नव्हतं, लेखाच्या परीक्षकांना दिसलं नव्हतं, ते तिने एकटीने शोधलं होतं. त्या कागदांत तिची अख्खी पीएच.डी. होती. आणि ती घाबरलेली होती. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "यात माझं काय चुकलंय, ते सांगाल का?"

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. सहकारी आलेखाकडे वाकून बघत होते.

मी म्हणालो, "यादी चुकीची घेतलीस. ही या फाइलची नाहीच." सराईतपणे बोललो, दोन-तीन बोजड शब्द घातले. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "चार वर्षांनी एवढंही कळत नसेल तर मी काय करायचं?" सहकाऱ्यांपैकी एक जण हसला.

तिने कागद गोळा केले. एक खाली पडला होता, तो वाकून उचलला.

पुढच्या प्रगती अहवालात मी लिहिलं — स्वतंत्र संशोधनाची क्षमता दिसत नाही. खाली सही केली. तिची शिष्यवृत्ती थांबली, ती गेली. खरं सांगू? दोन दिवस मला मोकळं वाटलं.

वर्षभराने साक्रीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेसाठी गेलो होतो. आठवडे बाजाराचा दिवस होता. स्टँडकडे जाताना एक माणूस नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं टाकून धावत आला. देवरामभाऊ, वंदनाचे वडील. तिच्या नोंदणीच्या वेळी एकदाच भेटले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सर, तुम्ही तिनाकरता बठ्ठं करं," ते अहिराणीत म्हणाले; बठ्ठं म्हणजे सगळं. "तिनंच डोकं कमी पडनं. तुमना काही दोष नही शे."

वंदना आता धुळ्याच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला शिकवते, हे त्यांनीच सांगितलं. मग त्यांनी माझी माफी मागितली. माझी! माझा वेळ फुकट गेला म्हणून. मी काय केलं? त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, असू द्या भाऊ, सगळ्यांना जमत नाही. गाडी लागली होती. मी चढलो. कुसुंब्यापर्यंत मला बाहेरचं काही दिसत नव्हतं.

त्यानंतर तरी पत्र लिहिलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही लिहिलं.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका गटाने लेख छापला. माझ्या ठोक्याचा उल्लेख त्यात एका वाक्यात होता: तो बहुधा मोजणीतल्या खंडांमुळे दिसला असावा. पुरावा म्हणून एक आलेख. वंदनाने टेबलावर ठेवला होता तोच, वेगळ्या रंगात. मला कुणी जाब विचारला नाही. कॉलेजात कुणी वाचलंही नाही. माझी नोकरी, माझं नाव, नानांच्या भिंतीवरचा सत्काराचा फोटो — सगळं जागच्या जागी राहिलं.

श्रावणात वंदनाचा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिलाच. तिने तो नवा लेख वाचला होता. क्लासमध्ये दहावीला शिकवणारी बाई अजून ते लेख वाचत होती.

"सर, यांनीही यादीच बदलली आहे. मग तेव्हा माझं बरोबर होतं का? फक्त विचारतेय."

तिला दोन शब्द पुरले असते. 'हो, बरोबर.' मी लिहिलं, "यांची पद्धत वेगळी आहे. तुझ्या आलेखात चूक होती."

तिचं उत्तर लगेच आलं. "ठीक आहे सर. तब्येत सांभाळा."

तिच्या आलेखात चूक नव्हती.